वजन बरोबर असणाऱ्यांनी भात सोडावा का?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा होता : २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघांच्या नावापुढे ‘वजन योग्य’ असाच शेरा पडला असता. प्रत्यक्ष अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, याज्ञिकांचा व्यायाम तसा बेताचाच. त्यामुळे सगळा फरक भारतीय असण्यावर ढकलता येत नाही. पण वजनकाटा माणसाबद्दल किती कमी सांगतो, हे त्या एका पानानं जगभरच्या डॉक्टरांना दाखवून दिलं.

कार्बोहायड्रेट, म्हणजे कर्बोदकं, कमी करण्याचा आहार आता लठ्ठ माणसांपुरता राहिलेला नाही. ज्यांचं वजन मुळातच ठीक आहे, अशी पुष्कळ माणसं भात-पोळीकडे संशयानं पाहू लागली आहेत. कुणी आईवडिलांचा मधुमेह पाहिलेला असतो, कुणाला जेवणानंतरची सुस्ती नको असते, कुणाला आहे ते वजन राखायचं असतं. त्यांना उलटसुलट सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, ‘तू आधीच बारीक, तुला काय गरज?’ दुसरा म्हणतो, ‘साखर ती साखर, आजपासून धान्य बंद.’ माझ्या मते दोघांचंही चुकतं. आपल्याकडच्या बहुतेक सडपातळ माणसांच्या ताटातलं धान्य खरोखरच जास्त आहे आणि ते कमी व्हायला हवं. मात्र लठ्ठ माणसासाठी आखलेला, कर्बोदकं जवळजवळ शून्यावर नेणारा आहार सडपातळ माणसानं उचलला, तर त्याच्या शरीरात वेगळंच काही घडतं. त्याचे पुरावे गेल्या काही वर्षांत बरेच जमले आहेत.

आधी पुण्याकडचं काम पाहू. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळ जन्मल्यावर नुसतं वजन करून ते थांबले नाहीत. डोक्याचा, दंडाचा, पोटाचा घेर मोजला आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमटीत धरून खास उपकरणानं तिची जाडीही मोजली. ही मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आठशे ग्रॅमच्या या फरकात स्नायू कमी पडले होते, पोटातल्या अवयवांचा घेर कमी पडला होता; पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकून होती. वजनाला हलकी आणि तरीही चरबी राखून असलेली ही ठेवण पुढे मोठेपणी, बसून काम आणि पोटभर धान्य मिळायला लागलं की, पोटाच्या आत आणि यकृताभोवती चरबीची भर घालत जाते. दंड-मांड्या मात्र बारीकच राहतात.

स्नायू कमी असण्याची अडचण फक्त ताकदीची नसते. जेवणातून रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या मदतीनं सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायूच. ते थोडे असतील आणि यकृतात चरबी साठलेली असेल, तर तेवढ्याच भातानं रक्तातली साखर जास्त चढते. म्हणूनच भारतीयांसाठी वजन जास्त असण्याची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ वर धरावी आणि पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या, बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असं इथले तज्ज्ञ सांगतात. बीएमआय २२ आणि पोटाचा घेर ९४ असलेला पुरुष स्वतःला सडपातळ समजत असेल, तर त्याची गोष्ट वेगळी आणि घेर ७८ असलेल्याची वेगळी. कर्बोदकं कमी करण्याचा खरा फायदा पहिल्याला आहे.

आता ताटाकडे येऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक जण त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच पाहणीतून २०२५ मध्ये आहाराचं चित्र पुढे आलं : आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून फक्त १२ टक्के.

६२ टक्के म्हणजे किती, हे घरच्या हिशोबानं बघता येतं. ऑफिसात बसून काम करणारा, साठ किलोचा एक माणूस घ्या. सकाळी मोठी बशीभर पोहे, म्हणजे साठेक ग्रॅम कोरडे पोहे : ४५ ग्रॅम कर्बोदकं. दिवसात तीन चहा, प्रत्येकात दोन लहान चमचे साखर : २५. दुपारी डब्यात तीन पोळ्या आणि वाटीभर भात : ९०. संध्याकाळी चहाबरोबर चार बिस्किटं : २०. रात्री दोन मध्यम भाकऱ्या आणि पुन्हा थोडा भात : ८५. आमटी, भाजी, थोडं दूध, एक केळं मिळून ५५. बेरीज ३२० ग्रॅम. कर्बोदकाच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, म्हणजे १,२८० कॅलरी. दिवसाच्या दोन हजारांतला हा ६४ टक्के वाटा झाला. या माणसानं दिवसभरात एकही मिठाई खाल्लेली नाही, वडापाव खाल्लेला नाही, कुठलीही चैन केलेली नाही. प्रथिनं मोजली तर ४५ ग्रॅमच्या आसपास भरतात आणि त्यातलीही निम्म्याहून जास्त धान्यातूनच येतात. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरलं, तर त्याला ५० ग्रॅम हवीत. आमटी पातळ असते, उसळ आठवड्यातून एखाद्या दिवशी होते आणि भूक भागवण्याचं काम पोळी-भातावर पडतं.

हे बदलायला हवं यात मला शंका नाही. पण बदलायचं ठरवल्यावर लोक थेट कीटोपर्यंत जातात. तिथे दिवसाची कर्बोदकं २० ते ५० ग्रॅमवर आणायची असतात. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत सत्तावीसेक ग्रॅम असतात. तेव्हा एक भाकरी आणि एक पेरू खाल्ला की दिवसाचा कोटा संपत आला. कीटो आहाराला हे नाव मिळालं १९२१ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये, आणि तो आखला होता अपस्मार म्हणजे फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी. आजही औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी मुलांना तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला जातो.

कर्बोदकं एकदम बंद केली की पहिल्या आठवड्यात काटा एक-दोन किलो खाली येतो, आणि इथेच सडपातळ माणसाची दिशाभूल होते. आपल्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. हा साठा रिकामा झाला की पाणीही निघून जातं. शिवाय इन्सुलिन खाली आल्यामुळे मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात; डोकं दुखणं, उठताना चक्कर येणं, पायात गोळे येणं हे त्यातूनच होतं. चरबी जवळजवळ जशीच्या तशी असते. पुन्हा दोन दिवस वरण-भात खाल्ला की तेच पाणी परत येतं आणि ‘भातानं वजन वाढतं’ ही समजूत पक्की होते.

त्यानंतर शरीर सावरतं. मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. त्यातला मोठा भाग चरबीपासून यकृतात तयार होणारे कीटोन भागवतात आणि उरलेलं ग्लुकोज यकृत स्वतः तयार करतं. कर्बोदकांशिवाय माणूस जगू शकतो, हे जुन्या काळीच सिद्ध झालं आहे. ध्रुवप्रदेशात इन्युइट लोकांबरोबर राहून आलेले संशोधक विल्याल्मुर स्टेफान्सन आणि त्यांचे सोबती कार्स्टन अँडरसन यांनी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या नजरेखाली वर्षभर फक्त मांसावर राहून दाखवलं. त्या आहारानं दोघांनाही काही आजार जडला नाही. सुरुवातीला स्टेफान्सन यांना मुद्दाम चरबी काढलेलं मांस दिलं होतं, तेव्हा मात्र काही दिवसांतच त्यांना जुलाब सुरू झाले, अंगातली शक्ती गेली. मांसाबरोबर चरबी दिली आणि ते बरे झाले.

सडपातळ वाचकानं या प्रयोगातून घ्यायची गोष्ट अशी : कर्बोदकं गेली की त्यांची जागा चरबीनंच भरून काढावी लागते. लठ्ठ माणसाकडे ती अंगावर असते. तो कमी खातो आणि अंगावरची जाळतो. ज्याच्या अंगावर फारशी नाहीच, त्याला ती रोज ताटातूनच घ्यावी लागते, तीही दिवसाला दीडशे ग्रॅमच्या घरात. आपल्याकडे ती येते तूप, लोणी, साय, चीज, पनीर, खोबरं यांतून. दोघांचा आहार कागदावर एकच दिसतो, पण एकाच्या रक्तातून वाहणारी चरबी त्याच्या पोटावरची असते आणि दुसऱ्याची तुपाच्या बरणीतली.

रक्ततपासणीत हा फरक कसा उतरतो, हे नॉर्वेत ओस्लोला झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. त्यात तीस तरुण, निरोगी, योग्य वजनाची माणसं होती. निम्म्यांना तीन आठवडे दिवसाला वीस ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं दिली, बाकीच्यांचं जेवण नेहमीचंच ठेवलं. कर्बोदकं कमी करणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, सरासरी ४४ टक्क्यांनी वाढलं. कुणाचं पाचच टक्के, कुणाचं १०७ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. २०२१ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी योग्य वजनाच्या सतरा तरुण बायकांवर चार आठवड्यांचा प्रयोग केला. जेवण संशोधकांनीच पुरवलं होतं. सतराच्या सतरा जणींचं एलडीएल वाढलं, दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी सुमारे ७० मिलिग्रॅमनं. मग २०२४ मध्ये अशा एक्केचाळीस चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. सरासरी बीएमआय ३५ च्या वर असलेल्या गटांत एलडीएल थोडं उतरलं होतं, मधल्या गटांत फारसं हललं नव्हतं आणि बीएमआय २५ च्या आत असलेल्या गटांत ते सरासरी ४१ मिलिग्रॅमनं वाढलं होतं. आहार तोच असताना तो सडपातळ माणसाला वेगळा लागू पडतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण आहारशास्त्रात क्वचित मिळतं.

यामागचं कारण अजून पूर्ण उलगडलेलं नाही. एक विचार असा आहे की यकृतातली साखर संपली आणि अंगावर चरबीही थोडीच, अशा वेळी स्नायूंना इंधन पुरवण्यासाठी यकृत चरबी भरलेले कण मोठ्या प्रमाणावर रक्तात सोडतं. त्यांतली चरबी उतरवून घेतल्यावर जो अवशेष फिरत राहतो, तो एलडीएल म्हणून मोजला जातो. दुसरं कारण जुनंच आहे : तूप-लोण्यातली संपृक्त चरबी यकृताची एलडीएल उचलण्याची क्षमता कमी करते. पहिल्या विचाराला बळ देणारा एक प्रयोग निक नॉरविट्झ या अमेरिकी संशोधकानं स्वतःवर केला आणि तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सडपातळ होता, कीटोवर होता आणि त्याचं एलडीएल ३८४ होतं. कीटो न सोडता त्यानं रोज बारा ओरिओ बिस्किटं खाल्ली, म्हणजे शंभरेक ग्रॅम कर्बोदकं घेतली. सोळा दिवसांत एलडीएल १११ वर आलं. मधे काही काळ जाऊ दिल्यावर त्यानं कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन औषध सहा आठवडे घेतलं, तेव्हा ते २८४ पर्यंतच उतरलं होतं. हा एकाच माणसाचा अनुभव आहे आणि बिस्किटं हे कुणाचंही औषध नव्हे. पण सडपातळ शरीराला थोडी कर्बोदकं परत मिळताच चित्र किती झपाट्यानं बदलू शकतं, हे त्यातून कळतं. बिस्किटांऐवजी तेवढीच कर्बोदकं चार-पाच पोळ्यांतून मिळतात.

कीटोचे काही समर्थक म्हणतात की चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, वाढलं आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, उतरलं की एलडीएलची चिंता करायचं कारण नाही. मला हे मान्य नाही. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांच्या मानानं लहान वयात गाठतो आणि एलडीएल वर्षानुवर्षं चढं राहिलं तर धमन्यांवर परिणाम होतो, याचे पुरावे जन्मतःच कोलेस्टेरॉल जास्त असणाऱ्या कुटुंबांपासून औषधांच्या मोठ्या चाचण्यांपर्यंत सगळीकडून आलेले आहेत. वजन घटवण्याचा फायदाच ज्याला नको आहे, त्यानं ही जोखीम कशासाठी घ्यायची? ट्रायग्लिसराइड उतरवण्यासाठी कीटोपर्यंत जावं लागत नाही. आपल्या लोकांत सर्रास दिसणारं चढं ट्रायग्लिसराइड आणि उतरलेलं एचडीएल हे साखर-धान्याचा अतिरेक थोडा आवरला तरी सुधारू लागतं.

किती आवरावं, याचा अंदाज मोठ्या पाहण्यांतून येतो. अमेरिकेतल्या पंधरा हजारांहून अधिक माणसांवर बरीच वर्षं नजर ठेवून २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात सगळ्यात कमी मृत्यू कर्बोदकांतून ५० ते ५५ टक्के उष्मांक घेणाऱ्यांत होते. त्याहून खूप कमी आणि खूप जास्त, दोन्हींकडे धोका वाढत गेला. कर्बोदकं कमी करणाऱ्यांतही ज्यांनी त्याऐवजी मांस आणि प्राण्यांची चरबी घेतली त्यांचं नुकसान झालं आणि ज्यांनी डाळी, दाणे, वनस्पतींकडून भर घातली त्यांचा फायदा. माणसांना विचारून केलेल्या पाहण्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवूनही आपल्या ६२-६४ टक्क्यांवरून ५० च्या आसपास यावं, एवढं म्हणायला मला यात पुरेसा आधार दिसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही धान्यांतून ४५ टक्क्यांहून जास्त उष्मांक घेऊ नयेत, असंच सांगितलं आहे.

वरच्याच साठ किलोच्या माणसाकडे परत जाऊ. त्यानं बिस्किटं सोडली, दोन चहांतली साखर काढली, दुपारची एक पोळी कमी केली आणि रात्रीचा भात थांबवला, की ८५ ग्रॅम कर्बोदकं गेली. आता तो ४७ टक्क्यांवर आला. पण त्याबरोबर ३४० कॅलरीही गेल्या, आणि वजन टिकवायचं असेल तर त्या परत द्यायलाच हव्यात. योग्य वजनाची माणसं इथे हमखास चुकतात : काढतात सगळं, भरत काहीच नाहीत. चार महिन्यांनी गाल बसतात, दंड सुकतात आणि लोक ‘छान बारीक झालास’ म्हणतात. भरून काढणं अवघड नाही. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाणे : १६० कॅलरी, ७ ग्रॅम प्रथिनं. मोठी वाटी दही : ९५ कॅलरी, ५ ग्रॅम. एक अंडं : ७० कॅलरी, ६ ग्रॅम, अंडं चालत नसेल तर चाळीस ग्रॅम पनीर. काढलेल्या पोळी-भाताबरोबर गेलेली पाच-सहा ग्रॅम वजा केली तरी प्रथिनं ५५ च्या पुढे जातात. पोळी-भात बंद न करता हे होतं. उरलेल्या थोड्या कॅलरी दाट वरणानं भरून निघतात. आमटीत डाळ दिसली पाहिजे, तिचं पाणी नव्हे. मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा यांची उसळ रोज एका वेळेला असावी. कोकणात आणि गोव्यात मासळी, कोल्हापूरकडे अंडं-मटण, सगळीकडे पिठलं ही आपली प्रथिनांची जुनी सोय आहे. पिठल्यात बेसन थोडं जास्त आणि त्याबरोबर भाकरी एक कमी, एवढ्यानंही ताट बदलतं.

भाकरीबद्दल एक गैरसमज बराच पसरला आहे. भाताऐवजी भाकरी खाल्ली म्हणजे कर्बोदकं कमी झाली, असं समजून लोक तीन-तीन भाकऱ्या खातात. शंभर ग्रॅम तांदळात ७८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, ज्वारीच्या पिठात ६७-६८, गव्हाच्या पिठात ६४-६५. फरक आहे, पण बेताचा. ज्वारी-बाजरीत तंतू जास्त, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, म्हणून मी भाकरीच्या बाजूनं आहे. मात्र २०२५ च्या इंडियाब अभ्यासात असं आढळलं की एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून पांढऱ्या भाताच्या जागी गहू किंवा भरडधान्य घेतल्यानं मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. रोजच्या उष्मांकांपैकी पाच टक्के कर्बोदकांऐवजी डाळी किंवा दूधदुभत्यातल्या प्रथिनांतून घेतले तर तो कमी दिसतो. उपवासाच्या साबुदाण्याचं तर विचारूच नका. तो जवळपास निव्वळ स्टार्च आहे. खिचडीत जे काही पोषण असतं ते दाण्याच्या कुटाचं. कूट दुप्पट आणि साबुदाणा निम्मा केला तर उपवासही होतो आणि साखरही आटोक्यात राहते.

दंडावर ग्लुकोज सेन्सर लावून रोजच्या साखरेचा आलेख पाहणारी निरोगी माणसं आता शहरांत दिसू लागली आहेत. भात खाल्ल्यावर रेषा १४० ला टेकली की त्यांना धक्का बसतो. निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर वर जाते आणि दोन-तीन तासांत उतरते. ती रेषा सपाट ठेवायची म्हणून फळं आणि डाळीसुद्धा सोडून देण्यात काही अर्थ नाही. उलट एक गोंधळ यातून उद्भवतो. बरेच दिवस अगदी कमी कर्बोदकांवर राहिलेल्या माणसाचे स्नायू चरबीवर चालायला सरावतात आणि साखर लगेच ओढून घेत नाहीत. अशा माणसानं ग्लुकोजचं पाणी पिऊन करायची तपासणी दिली तर आकडे मधुमेहासारखे येऊ शकतात. म्हणूनच या तपासणीआधी तीन दिवस रोज किमान दीडशे ग्रॅम कर्बोदकं खाऊन यावं, अशी पद्धत आहे. तुम्ही धान्य सोडलेलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर नको ते निदान पदरात पडेल.

धावणाऱ्यांना आणि घाटात सायकल चालवणाऱ्यांना एक सांगायचं आहे. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क यांनी जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंवर तीन आठवड्यांचा प्रयोग केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्बोदकं तोडलेले खेळाडू चरबी भरपूर जाळू लागले, पण त्याच वेगासाठी त्यांना जास्त प्राणवायू लागू लागला आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीत त्यांची वेळ सुधारली नाही. कर्बोदकं घेणाऱ्यांची सुधारली. साताऱ्याच्या डोंगरी हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यानं सरावाच्या दिवशी भात कमी करू नये, उलट वाढवावा.

तरुण मुलींबाबत मला जास्त काळजी वाटते. वजन आधीच बेताचं, त्यात जिम, त्यात धान्य बंद. एकूण उष्मांकच इतके घटतात की मेंदू पाळीचं चक्र आवरतं घेतो. पाळी लांबणं किंवा बंद होणं ही आहार मानवल्याची खूण नाही, ती उपाशी असल्याची खूण आहे, आणि त्याबरोबर हाडंही कमकुवत होत जातात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी कीटोच्या वाटेला जाऊ नये. दूध तयार करायला शरीराला बरीच साखर लागते आणि अशा आयांच्या रक्तात आम्लं धोकादायक पातळीला गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यानं डॉक्टरांनी डोस बदलून दिल्याशिवाय धान्य तोडू नये. विशेषतः लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या, नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या चालू असतील तर कीटो जीवघेणा ठरू शकतो, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही.

ज्याला यातलं काही लागू नाही आणि ताट बदलून पाहायचं आहे, त्यानं सुरुवातीलाच तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात : पोटाचा घेर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचे आकडे). घेर मोजताना टेप सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरावी, श्वास सहज सोडावा, पोट आत ओढू नये. त्याबरोबर आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर किंवा वजनं उचलण्याचा व्यायाम सुरू करावा. नव्यानं मिळणारी प्रथिनं स्नायूंत उतरायची असतील तर स्नायूंना काम मिळायला हवं. तीन महिन्यांनी तेच आकडे परत पाहावेत. घेर उतरला, ट्रायग्लिसराइड उतरलं आणि वजन जिथल्या तिथे असेल तर तसंच चालू ठेवावं. वजन दोन किलोंहून जास्त घटलं असेल तर दाणे-दही वाढवावं, तरीही घटतच राहिलं तर पोळी परत घ्यावी. आणि एलडीएल चढलं असेल तर आधी तूप, चीज आणि खोबऱ्याचं प्रमाण पाहावं, त्यांच्या जागी दाण्याचं किंवा मोहरीचं तेल, तीळ, जवस आणावं, दिवसाची कर्बोदकं दीडशे ग्रॅमच्या खाली गेली असतील तर वर आणावीत, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा.